गोधडीच्या पोटातलं कारंजा

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले बरेचसे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" काढून टाकलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



आजचा भाग म्हणजे एक कबुली आहे आणि एक दुरुस्ती. आधी कबुली. मागच्या डिसेंबरात पुण्यात जरा थंडी पडली, म्हणून मी कपाटातून आजीची गोधडी काढली. कारंज्याहून आणली तेव्हापासून ती तशीच पडून होती आणि तिला वास येत होता. मी ती सरळ वॉशिंग मशीनमध्ये टाकली, हेवी मोडवर, वर स्पिन पण लावला. चाळीस मिनिटांनी झाकण उघडलं तर गोधडी मधोमध फाटलेली. आमच्या कामात बॅकअप न घेता डेटाबेस उडवला की पोटात जसा खड्डा पडतो, तसंच झालं. फरक इतकाच की इथे ज्या व्यक्तीला फोन करून विचारायचं, ती आजी दोन वर्षांपूर्वी गेली.

आता दुरुस्ती. शकुंतला रेल्वेवरचा आपला जुना भाग ज्यांनी ऐकलाय त्यांना आठवत असेल, मी त्यात म्हणालो होतो की आजी मला कारंज्याहून मुर्तिजापूरला त्या गाडीने न्यायची, आणि त्या दिवशी तिने नेसलेलं हिरवं लुगडं आज माझ्या गोधडीच्या मध्यभागी आहे. बऱ्याच जणांनी त्यावर छान मेसेज पाठवले होते. तर मंडळी, ते चुकीचं होतं. कसं चुकीचं होतं, ते आज सांगतो. वाटेत थोडा कापूस, थोडं मँचेस्टर आणि थोडं अलाबामा येईल. हेडफोन नीट लावा.

आत काय निघालं

फाटलेली गोधडी बाल्कनीत वाळत घातली आणि भोकातून आत बघितलं. वरच्या थरावर मला पाठ असलेले तुकडे होते. माझ्या शाळेच्या खाकी चड्डीचा चौकोन. आईच्या जांभळ्या साडीची पट्टी. बाबांचा एक चौकड्यांचा शर्ट. मध्यभागी ते हिरवं. पण त्याच्या खाली आणखी एक गोधडी होती! पूर्ण गोधडी, तिचा स्वतःचा धावदोरा असलेली, इतकी जुनी की रंग कुठला हेही कळेना. तिच्याही पोटात धोतराचं कापड होतं, मऊ पडून जाळीसारखं झालेलं. आणि सगळ्यात आत जाडाभरडा मांजरपाट, ज्याच्या काठाला जांभळ्या शाईचा पुसट शिक्का होता. त्यातलं एकच अक्षर धड वाचता येत होतं, "मि". मिल असणार.

ज्यांनी गोधडी शिवताना कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडच्या गोधडीत कापूस भरत नाहीत. कापूस भरला की ती रजई किंवा गादी झाली, आणि ते काम पिंजाऱ्याचं. गोधडी म्हणजे जुन्या कपड्यांचे थर. खाली-वर जुनं लुगडं किंवा साडी, मध्ये जे काही फाटकं असेल ते. अंगणात किंवा ओसरीवर सगळं पसरायचं, कडा दुमडायच्या, आणि एका कडेपासून साधा धावदोरा घालत घालत फिरत मध्याकडे यायचं. जुनी गोधडी विरली की फेकायची नाही, तिच्यावर नवा थर चढवायचा. म्हणून एका गोधडीच्या पोटात दुसरी निघते. काही भागांत हिला वाकळ म्हणतात, आमच्या वऱ्हाडी तोंडात तिची "वाकय" होते. बाळाच्या छोट्या गोधडीला तर मुद्दाम सगळ्यात जुनं कापड शोधतात, कारण शंभर वेळा धुतलेल्या लुगड्याइतकं मऊ दुसरं काही नसतं.

आणि इथेच मला पहिल्यांदा खटकलं. आमचं घर कापसाचं. बाबा आणि काका मिळून शेती करायचे. दिवाळीनंतर आमच्या समोरच्या खोलीत छताला टेकेल इतका कापूस भरलेला असायचा, कारण भाव वाढेपर्यंत थांबायचं असायचं. आम्ही पोरं त्या ढिगात उड्या मारायचो आणि मग रात्रभर अंग खाजवत बसायचो. विदर्भातले जे कुणी ऐकतायत त्यांना ती खाज आत्ता आठवली असेल. म्हणजे घरात अख्खी खोली भरून कापूस, आणि पांघरायला चिंध्या. लहानपणी हा प्रश्न पडला नाही. कापूस विकायचा असतो, पांघरायचा नसतो, एवढं आम्हाला न सांगता माहीत होतं.

अलाबामा ते कारंजा

हे "न सांगता माहीत" कुठून आलं, ते बघायला थोडं मागे जाऊ. १८५३ साली निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिला. कर्जफेड आणि फौजेचा खर्च हे कारण सांगितलं गेलं, पण काळ्या मातीचा कापूस काही कुणाच्या नजरेतून सुटलेला नव्हता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांतून, जिथे गुलामांच्या श्रमावर कापूस पिकायचा, मँचेस्टरच्या गिरण्यांना जाणारा माल जवळजवळ थांबला. लँकेशायरमधले कामगार उपाशी राहायला लागले आणि इंग्रज व्यापाऱ्यांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. भाव चढले. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव उतरले. पण तोवर पीक बदललं होतं, बाजार बदलला होता. १८६७ पर्यंत मुंबईहून रेल्वे थेट नागपूरला पोहोचली. "वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड" ही म्हण आपण अभिमानाने सांगतो, पण इतिहासकार लक्ष्मण सत्या यांच्या पुस्तकाचं नावच "कॉटन अँड फॅमिन इन बेरार" असं आहे. कापूस आणि दुष्काळ, एकाच मुखपृष्ठावर. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडाचे जे हाल झाले त्याची भीती आजीच्या आजीकडून आजीपर्यंत आली होती. ती ताटात भाताचं शीत ठेवू द्यायची नाही आणि कापडाची चिंधी फेकू द्यायची नाही.

मग आली शकुंतला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुर्तिजापूर ते यवतमाळ अशी अडीच फुटी रुळांची लाईन टाकली गेली, कारंज्यावरून जाणारी. किलिक निक्सन ही इंग्रज कंपनी तिच्यामागे होती. हेतू प्रवासी नव्हे, कापूस. आतल्या बाजारपेठांमधला माल मुर्तिजापूरला मोठ्या लाईनवर आणायचा, तिथून मुंबई, तिथून जहाज. या गाडीला सत्तर वर्षं ओढणारं वाफेचं इंजिन १९२१ साली कुठे तयार झालं होतं माहितीये? मँचेस्टरमध्ये. १९२३ ला ते इथे कामाला लागलं आणि १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झालं. म्हणजे आमचा कापूस जिकडे जायचा, तिथूनच त्याला न्यायला इंजिन आलं होतं. आणि कापडही तिथूनच परत यायचं, आमच्याच बाजारात विकायला.

देशी गिरण्याही उभ्या राहिल्या. जमशेटजी टाटांनी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली १ जानेवारी १८७७ ला, ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं त्याच दिवशी. नाव तिथूनच आलं. पुढे अकोला, बडनेरा, अचलपूर इथेही गिरण्या झाल्या. माझ्या गोधडीतल्या मांजरपाटावरचा "मि" यातल्या कुठल्या मिलचा की मुंबईच्या, ते त्या एका अक्षरावरून ठरत नाही. पण कुणीतरी एका वेचणी करणाऱ्या बाईने वऱ्हाडातल्या शेतात बोंडातून काढलेला कापूस गाडीत बसून गेला, कापड होऊन परत आला, कुणाचा तरी सदरा झाला, मग धुडका झाला आणि शेवटी माझ्या अंगावर आला, एवढा प्रवास मी त्या बाल्कनीत उभा राहून बोटाने चाचपू शकत होतो.

आईचा फोन

आता येतो मुद्द्यावर. मी आईला व्हिडिओ कॉल केला. पहिली पाच मिनिटं ती मला बोलली.

"मशीनमध्ये घातली? अन् ते बी स्पिनवर? तुले अक्कल हाये का बाप्पा? ते पाय देऊन धुवा लागते!"

मग कॅमेरा फिरवून मी एकेक तुकडा दाखवत गेलो आणि ती सांगत गेली. खाकी चड्डी तुझी, दुसरीतली. चौकड्या बाबांच्या, लग्नानंतरचा पहिला शर्ट. धोतर आबांचं. आतली गोधडी आजीच्या सासूच्या हातची, तिचे टाके बघ कसे बारीक आहेत. मग मी म्हणालो, "आणि हे हिरवं आजीचं, शकुंतलेतलं."

आई थांबली. म्हणाली, "ते आजीचं नोहे. माही साडी हाये ते."

ती गोष्ट अशी. गोधडी शिवली २००४ च्या हिवाळ्यात. मी सात वर्षांचा. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, समोरची खोली भरलेली तशीच होती, आणि घरात पांघरुणं कमी पडत होती. नवी सोलापुरी चादर घ्यायला पैसे नव्हते. आई तेव्हा नुकतीच अंगणवाडीत लागली होती. पहिल्या मानधनातून तिने स्वतःसाठी एक हिरवी साडी घेतली होती. आयुष्यात स्वतःच्या पैशाने घेतलेली पहिली. दोनदाच नेसली. चुलीपाशी ठिणगी उडून पदराला भोक पडलं. ती रफू करून घेणार होती, म्हणून घडी घालून बाजूला ठेवली होती. आजीने ती घडी पाहिली, भोक पाहिलं, आणि गोधडीसाठी कापली.

"विचारलं नव्हतं मले. मी अंगणवाडीतून आली, तं कैची फिरून गेलती."

"मग तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलू? सासू होती ते माही. अन् थंडी तं होतीच ना. तू अंग आखडून झोपत होता."

शिवायला पण तिलाच बसवलं. दिवसभर अंगणवाडी, संध्याकाळी स्वयंपाक, रात्री कंदिलापाशी टाके. लोडशेडिंगचे दिवस होते ते. मला आठवतं ते वेगळं. दोघी समोरासमोर बसलेल्या, मध्ये गोधडी पसरलेली, मी तिच्यावर लोळतोय आणि कुणीतरी मला हसून हाकलतंय. माझ्या आठवणीत त्या दोघी गप्पा मारतायत. आईला विचारलं, काय बोलायचात? ती म्हणाली, "बोलतच नव्हतो."

वीस वर्षं मी त्या साडीखाली झोपलो. आणि हजारो लोकांना ती आजीची म्हणून सांगितली. आईने तो भाग ऐकला होता. फॉरवर्डही केला होता, तिच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर.

आठवणीचं काय करायचं

"नॉस्टॅल्जिया" हा शब्द तयार केला योहानेस होफर नावाच्या एका वैद्यकीच्या विद्यार्थ्याने, १६८८ साली, स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात. घरापासून दूर राहून झुरणाऱ्या माणसांच्या आजाराचं ते नाव होतं. घरी पाठवणे हा त्यावरचा उपाय. आज आपण हा शब्द नव्वदच्या दशकातल्या जाहिरातींसाठी वापरतो, पण मूळ अर्थ विसरायला नको, कारण त्यात एक गोष्ट स्पष्ट आहे: हा आजार घर सोडून गेलेल्याला होतो. घरात राहून राबणाऱ्याला नाही. मला गोधडीची ओढ वाटते कारण मी पुण्यात आहे आणि मी तिच्यात झोपलो. आईला वाटत नाही, कारण तिने ती शिवली.

आणि आठवण म्हणजे साठवलेली फाईल नाही, हे मानसशास्त्र बरंच आधीपासून सांगतंय. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या पुस्तकात दाखवलं की माणूस आठवतो तेव्हा तो गोष्ट पुन्हा रचतो, आपल्याला ओळखीच्या साच्यात बसवून. मी नेमकं तेच केलं. एक खरी आजी, एक खरी शकुंतला, एक खरा हिरवा तुकडा, आणि तिघांना मी स्वतःच्या टाक्याने जोडून टाकलं.

मग कापड निदान खरं बोलतं का? तेही आपोआप नाही. त्याला विचारावं लागतं, आणि ज्याला माहीत आहे त्याला विचारावं लागतं. अलाबामातलं जीज बेंड नावाचं गाव बघा. तिथे पूर्वी कापसाची मोठी मळ्याची शेती होती, गुलामांच्या कष्टावरची. त्यांच्याच वंशातल्या बायकांनी कामाच्या फाटक्या कपड्यांतून गोधड्या शिवल्या. १९४२ साली मिसूरी पेटवे या बाईचा नवरा वारला, तेव्हा तिने त्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली, आठवण म्हणून पांघरायला. २००२ मध्ये या गोधड्यांचं मोठं प्रदर्शन ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये भरलं, २००६ मध्ये अमेरिकेने त्यांच्यावर टपाल तिकिटं काढली. आणि फेथ रिंगोल्ड या चित्रकर्तीने १९८८ मध्ये "टार बीच" नावाची गोधडी केली, हार्लेममधल्या गच्चीवर झोपलेली एक मुलगी शहरावरून उडते अशी. लहानपणाची आठवण, पण कडेला गोष्ट लिहिलेली, आणि त्या गोष्टीत वडिलांना युनियनमध्ये घेत नाहीत हेही आहे. गोड आठवणीतून कडू भाग तिने उसवून काढला नाही.

जवळचं बघायचं तर उत्तर कन्नडमधले सिद्दी, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले, त्यांच्या बायका "कवंदी" शिवतात. चार कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची फुलं लावल्याशिवाय त्यांची कवंदी पूर्ण होत नाही. महाराष्ट्राच्या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांचं पुस्तक आहे. पण एकूण हिशेब केला तर आपल्याकडे हे काम नोंदवायचं राहून गेलंय.

यात आमचं कारंजा मला चमत्कारिक वाटतं. बाहेरच्यांना कारंजा माहीत असतं ते नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून, गुरुमंदिरामुळे. गावाला जुन्या वेशी आहेत, दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस. पण गावाचं दुसरं मोठं वैभव म्हणजे इथल्या जैन मंदिरांमधले हस्तलिखितांचे भांडार. शेकडो वर्षं श्रावकांनी ती पोथी-पोथी कापडात गुंडाळून जपली. १९२६ मध्ये रायबहादूर हिरालाल यांच्या सूचीत त्यांची नोंद झाली. मग डॉ. हिरालाल जैन, डॉ. प. ल. वैद्य अशा अभ्यासकांनी "कारंजा जैन सीरीज"मधून दहाव्या शतकातल्या पुष्पदंताची अपभ्रंश काव्यं छापली. मराठीची आधीची पायरी कशी होती, हे कळायला ती मोलाची आहेत. म्हणजे आमच्या गावाला जपणं येतं. नोंद ठेवणंही येतं. पोथीवर कुणी लिहिली, कधी, कुणासाठी, हे शेवटच्या पानावर लिहिलेलं असतं. पोथीभोवतीचं कापड कुणी शिवलं, ते मात्र कुठेच नाही. आणि गोधडीला तर शेवटचं पानच नसतं. ज्या बाईने शिवली ती गेली की तुकड्यांची नावं गेली. मग भांडेवाली येते, आणि पाच जुन्या साड्यांवर एक स्टीलचा डबा देऊन जाते.

संक्रांत

मी संक्रांतीला घरी गेलो, फाटकी गोधडी सॅकमध्ये भरून. मनात होतं की आई-मी मिळून ती दुरुस्त करू, मी त्याचा व्हिडिओ करीन. आईने गोधडी गच्चीवर उन्हात पसरली. चष्मा लावला, छोटी कैची घेतली आणि मधलं हिरवं उसवायला लागली. मी म्हणालो, "अगं, फाटलंय ते शिवायचंय, तू उसवतेस काय?" तिने उत्तर दिलं नाही. तासभर लागला. टाके तिचेच होते, तिला माहीत होते. तुकडा सुटला तसा त्याच्या मागचा रंग दिसला, जो वीस वर्षं उजेडात आला नव्हता. एकदम गर्द. आई त्याकडे बघून म्हणाली, "असा होता रंग." त्यावर ते ठिणगीचं भोकही होतं, करंगळी जाईल एवढं.

तिने तो तुकडा धुतला, वाळवला, घडी केली आणि कपाटात तिच्या साड्यांमध्ये ठेवला. मी विचारलं, याचं काय करणार? म्हणाली, "काही नाही. ठेवते."

मी व्हिडिओ केला नाही. आजीबद्दल मात्र विचारलं, राग आहे का अजून? ती म्हणाली, राग तेव्हाही नव्हता, वाईट वाटलं होतं. आणि मग स्वतःहून म्हणाली की आजीला पण तिच्या सासूने कधी काही विचारलं नसणार.

गोधडीला मध्ये मोठं भोक राहिलं. ते बुजवायला मी माझ्या पहिल्या नोकरीतला टी-शर्ट दिला, तोही हिरवाच आहे, योगायोगाने. आईने सांगितलं, मी दाखवते, शिव तू. माझे टाके इतके वाकडे आलेत की शेजारच्या काकू बघून हसल्या. आई म्हणाली, राहू दे, कुणी शिवलं ते कळतं त्याच्यावरून.

तर मंडळी, ही होती दुरुस्ती. जुन्या भागाच्या वर्णनात मी ती टाकली आहे. आता तुमचं एक काम. घरात गोधडी असेल तर या आठवड्यात एक फोटो काढा, आणि जिने शिवली तिच्याशेजारी बसून एकेका तुकड्याचं नाव विचारा. व्हॉइस रेकॉर्डर चालू ठेवा. तुमचा अंदाज आधी सांगू नका, नाहीतर ती तुमचं मन राखायला हो म्हणेल. काय निघतं ते मला व्हॉइस नोटवर पाठवा, त्यांची परवानगी असेल तरच.

आणि मशीनमध्ये घालू नका. पायाने धुवा.

भेटू पुढच्या भागात.